उन्हात परत उमटलेली चौकट: लातूरमधल्या एका घराचं मोल्डिंग काढण्याचं प्रकरण

लातूरला औसा रोडच्या आत, एका जुन्या कॉलनीतलं हे घर. तळमजला, वर एक मजला, तोंड उत्तरेला. मालक निवृत्त मुख्याध्यापक. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते, मीही सरच म्हणतो. बांधकाम १९९८ सालचं: विटांच्या भारवाही भिंती, बाहेरून वाळूचा खरबरीत गिलावा, ज्याला गवंडी सँड फेस म्हणतात. वीस वर्षं घर साधंच होतं. २०१८ मध्ये मुलाचं लग्न ठरलं आणि तो पुण्याहून 'एलिव्हेशन'चं रंगीत चित्र घेऊन आला. त्याप्रमाणे खिडक्यांभोवती चौकटी आल्या, चौकटींवर त्रिकोणी मुकुट आले, दोन मजल्यांच्या मध्ये जाड पट्टी आली, पोर्चला दोन खोटे खांब आले. हे सगळं मोल्डिंग, म्हणजे शोभेची उठावाची नक्षी, थर्माकोलचं, वरून जाळी आणि सिमेंटी कोटिंग. सरांचं म्हणणं एवढंच होतं की घराचं मखर झालं, आणि मखर निदान दहा दिवसांनी उतरवता तरी येतं.

केवळ दिसण्याची तक्रार असती तर मी रंग बदलून पाहा म्हणालो असतो. पण काकूंनी मला थेट आतल्या खोलीत नेलं आणि खिडकीखालची ओल दाखवली. बाहेर येऊन पाहिलं तर कारण समोरच होतं. चौकटींच्या वरच्या कडा सपाट. लातुरात डाळ मिल, सोयाबीनचा हंगाम, वर्षभर हवेत बारीक धूळ आणि फोलपटं. ती या कडांवर साचतात आणि मृगाचा पाऊस पडला की भिंतीवरून खाली येतात. प्रत्येक खिडकीच्या दोन्ही अंगांना काळे ओघळ होते. मुकुटांवर पारव्यांचा मुक्काम होता. आणि तुकड्यातुकड्यांचे सांधे उकलले होते.

सांधे उकलणं हा कारागिराचा दोष कमी, मालाचा जास्त. थर्माकोल उन्हाने सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा पाच ते सात पट जास्त फुगतो आणि थंडीत तितकाच आकसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, डिसेंबरच्या पहाटे १० च्या आसपास. गडद रंग दिलेली पट्टी हवेपेक्षाही बरीच तापते. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालली की सांध्यात केसाएवढी फट पडते, पाणी त्या फटीतून आत जातं, आणि कोटिंगच्या मागे गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यावर सतराव्या शतकातली गिलाव्याची नक्षी आहे. ती चुन्याच्या गिलाव्यावर चुन्यातच घडवलेली आहे, भिंत आणि नक्षी एकाच जातीची. इथे भिंत एक, नक्षी दुसरी आणि मध्ये डिंक तिसरा.

सरांनी पहिला प्रयोग मी येण्याआधीच करून पाहिला होता. डिसेंबरमध्ये घराला रंग लावायला आलेल्या रंगाऱ्याला म्हणाले, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीची चौकट काढून दाखव. त्याच्या माणसाने हातोड्याने अर्ध्या दिवसात ती उतरवली, खड्डे वॉल पुट्टीने बुजवले, पॉलिश पेपर मारला, रंग लावला. खिडकी स्वच्छ दिसायला लागली. सर खूश. बाकीच्या सगळ्या चौकटी उन्हाळ्याच्या सुट्टीत काढायच्या असं ठरलंही. आणि मेमध्ये एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फाटकात उभं राहून पाहतात तो काढलेली चौकट भिंतीवर जशीच्या तशी. रंग तोच, पण चारी बाजू आखल्यासारख्या उठून आलेल्या. दुपारनंतर गायब, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. शेजाऱ्यांनी ओल म्हटलं, रंगाऱ्याने कंपनीच्या रंगाला दोष दिला. तेव्हा मला बोलावणं आलं.

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते या चौकटीसाठी. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. तिथे सगळा उजेड आकाशातून परतून येणारा, चारी दिशांनी सारखा, आणि अशा उजेडात उंचवटे दिसत नाहीत. मार्चनंतर मात्र सूर्य उत्तर-पूर्वेकडून उगवायला लागतो. मेच्या मध्यावर तो लातूरच्या बरोबर डोक्यावर येतो, शाळेतली मुलं शून्य सावलीचा दिवस पाळतात तो हाच, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीही किंचित उत्तरेकडेच राहतो. या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवर ऊन समोरून येत नाही, भिंतीला घासून जातं. २१ जूनला भर दुपारी ऊन आणि भिंत यांच्यात जेमतेम ५ अंशांचा कोन असतो. त्या कोनात १ मिलिमीटरच्या उंचवट्याची सावली सुमारे ११ मिलिमीटर पडते. छज्जाखालच्या भागावर दुपारी छज्जाची सावली असते, तिथे हे काम सकाळचं तिरपं ऊन करतं. म्हणून वेळ नऊची.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांना उत्तरेचं तोंड फार आवडतं. गिलाव्याच्या ठिगळाला मात्र त्याहून वाईट दिशा नाही.

ऊन पुट्टीतलं सगळं उघडं पाडत होतं. दोन गोष्टी झाल्या होत्या. पुट्टी आजूबाजूच्या पातळीपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर राहिली होती, तीही कडेला निमुळती करत नेलेली. आणि सगळी भिंत वाळूने खरबरीत असताना तेवढाच भाग काचेसारखा गुळगुळीत होता. रंग एकच असला तरी खरबरीत पृष्ठभाग उजेड पसरवतो, गुळगुळीत एका दिशेला परतवतो. डोळा तो फरक लगेच पकडतो. दुसरा हात, तिसरा हात रंग मारून हे जाणार नव्हतं. सरांना मी सांगितलं ते असं: मोल्डिंग काढणं हे या कामातलं सर्वांत सोपं कलम आहे, त्याचा विचार शेवटी करू. आधी प्रत्येक ठिकाणी मागे उरणारी भिंत कशी संपवायची ते ठरवू.

त्यासाठी मुळात कोणती पट्टी शोभेची आणि कोणती कामाची हे कळायला हवं होतं. कामाला आला तो मुलीच्या लग्नाचा अल्बम. २००९ सालचा, मांडव घरासमोरच घातलेला, त्यामुळे प्रत्येक तिसऱ्या फोटोत मागे घराचं तोंड. त्यात चौकटी नव्हत्या, मुकुट नव्हते. पण खिडक्यांच्या डोक्याच्या पातळीत, घराला चारी बाजूंनी फिरलेली एक वीतभर रुंद पट्टी होती. म्हणजे ती मूळ १९९८ ची. सरांच्या यादीत ती पण काढायची होती.

ती पट्टी म्हणजे लिंटेल पातळीवरचा, म्हणजे दार-खिडक्यांच्या डोक्यावरचा आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा, वरून गिलावा केलेला आणि भिंतीच्या थोडा बाहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ६.२ तीव्रतेचा. दगड-मातीच्या जड भिंती एकमेकींपासून सुटून आत-बाहेर कोसळल्या. त्यानंतर या भागात बांधलेल्या भारवाही भिंतींच्या घरांत जोत्याला आणि लिंटेलला असा सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा आग्रह धरला गेला. आयएस ४३२६ हे मानक तेच सांगतं. चारी भिंती हादऱ्यात एकत्र हलाव्यात हे त्याचं काम. त्यावरचा गिलावा ब्रेकरने उडवला तर एक तर काँक्रीटला चिरा जातील, आणि नाही गेल्या तरी आतल्या सळईवरचं आवरण पातळ होऊन चार-पाच पावसाळ्यांत गंज धरेल. १९९३ मध्ये सरांची नोकरी औसा तालुक्यातच होती. मी 'किल्लारी' एवढंच म्हटलं आणि त्यांनी यादीतली ती ओळ स्वतःच पेनने खोडली.

छज्जाच्या खालच्या कडेची खाचही तशीच ठेवायची होती. पाणी छज्जाच्या पोटावरून भिंतीकडे न जाता तिथल्या तिथे थेंबाने गळावं म्हणून ती असते. ती बुजवून 'प्लेन' करणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यानंतरची ओलही.

तळची पट्टी थोडी फसवी निघाली. खिडकीखाली २०१८ ची थर्माकोलची जाड कड होती, शोभेचीच. पण तिच्या वरचा मूळ कडप्पा भिंतीच्या बाहेर अगदी बोटभरही येत नव्हता. म्हणजे कड काढली की पावसाचं पाणी कडप्प्यावरून सरळ भिंतीवर. तेव्हा तिथे कड काढायची तर कडप्पा बदलून दीड-दोन इंच बाहेर काढायचा, बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, आणि खालून कटरने एक खाच मारायची असं ठरलं. सरांना हा खर्च अंगावर आल्यासारखा वाटला. काकू म्हणाल्या, "ओल जाणार असंल तर बदला, कड असू दे नाहीतर नसू दे."

बाकीची ओळख साध्या हत्यारांनी होते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं की थर्माकोल भद वाजतो, सिमेंट खणखणीत. संशय असेल तिथे बारीक ड्रिल मारायचं. पांढरे मणी बाहेर आले तर थर्माकोल, करडी पूड आली तर गिलावा. पोर्चच्या खोट्या खांबांत ड्रिल मारलं तेव्हा मणी आले, मग पोकळी लागली, मग बिट कशावर तरी घसरलं. तिथेच थांबलो. त्याबद्दल पुढे.

सरांच्या मुलाने दरम्यान अमेरिकेतले व्हिडिओ पाठवले. तिथे असं काम करताना पहिला इशारा देतात की गिलाव्यामागचा कागद फाडू नका. तो इशारा तिथे बरोबर आहे. तिकडे भिंत लाकडी सांगाड्याची, त्यावर पाणी अडवणारा कागद, त्यावर तारेची जाळी आणि जाळीवर तीन थरांत मिळून साधारण २२ मिलिमीटर गिलावा. कागद फाटला की पाणी थेट लाकडात. आपल्या विटेच्या भिंतीला कागद नाही, ती भीतीही नाही. आपली भीती वेगळी: वीट पाणी पिते, आणि जुना गिलावा विटेपासून सुटलेला असला तर एका चौकटीबरोबर अर्धी भिंत उतरते.

प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर घेतलं. मेमध्ये ताजा गिलावा पाणी धरण्याआधीच वाळतो, पावसाळ्यात रंग बसत नाही. मिस्त्री रेणापूरकडचे, हात चांगला. मोल्डिंग बघून म्हणाले, "काढायला काय लागतंय साहेब, पोरगंबी काढंल. भरल्यावर दिसू नये, त्येला मिस्त्री लागतो."

मोल्डिंगच्या दोन्ही कडांना, ती भिंतीला भिडते त्या रेषेवर, चार इंची ग्राइंडरने डायमंड ब्लेड फिरवलं. खोली फक्त ४-५ मिलिमीटर. एवढ्याने कोटिंगची जाळी आणि रंगाचा पापुद्रा कापला जातो. हे न करता ओढलं की जाळीबरोबर शेजारचा रंग आणि गिलाव्याचं तोंड हातभर सोलून येतं. रंगाऱ्याच्या खिडकीला तेच झालं होतं. कापून झाल्यावर रुंद पात्याची पटाशी खालून, भिंतीला जवळजवळ समांतर धरून आत सारायची. तुकडा हळूहळू सुटतो. वरचा मुकुट आधी, मग बाजू, शेवटी तळ. उलट केलं तर वरचा तुकडा आधाराविना लटकतो आणि परांचीवरच्या माणसाच्या अंगावर येतो. हलका असला तरी कोटिंगच्या कडा सुरीसारख्या धारेच्या असतात. ग्राइंडरवाल्याला चष्मा आणि नाकाला मास्क, यावर मी अडून बसलो. गिलाव्याच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसातून परत येत नाही.

थर्माकोल निघाला तरी त्याचा डिंक राहतो. पॉलिमर मिसळलेला सिमेंटी गोंद, ३-४ मिलिमीटर जाड, वरून पांढरे मणी चिकटलेले. हा गोंद वीस वर्षांच्या गिलाव्यापेक्षा कडक असतो. छिन्नी मारली की गोंद सुटत नाही, गिलावाच त्याच्याबरोबर उखडतो. म्हणून छिन्नी बाजूला ठेवून ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावलं आणि गोंद घासून काढला. मदतीला आलेल्या एका शहाण्याने पेट्रोलची बाटली आणली होती. पेट्रोलने थर्माकोल विरघळतो हे खरं, पण त्याचा चिकट लगदा गिलाव्याच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि त्यावर नंतर काहीही धरत नाही. शिवाय ठिणग्या उडणारं मशीन शेजारी चालू. बाटली परत मोटरसायकलच्या टाकीत गेली.

कचऱ्याचं आधी ठरवलेलं बरं. थर्माकोलचा मणी वाऱ्याने कुठेही जातो, नाली तुंबवतो, मोकाट जनावरं चघळतात. जाळला तर काळा विषारी धूर. परांचीला खालून हिरवी जाळी बांधली, तुकडा सुटला की लगेच पोत्यात. तरी काकूंच्या तुळशीत पांढरे मणी बरेच दिवस सापडत होते.

चौकटींखाली जुनी भिंत दिसली. १९९८ चा फिकट गुलाबी स्नोसेम, मध्ये कुंभारमाशांची मातीची घरं, एका ठिकाणी ओलीने काळवंडलेला हात-दीड हात पट्टा. आणि टाचे, म्हणजे छिन्नीने पाडलेले खड्डे. मोल्डिंग बसवणाऱ्यांनी पकड यावी म्हणून जुन्या गिलाव्यावर सरसकट टाचे मारले होते, कुठे कुठे सेंटिमीटरभर खोल. म्हणजे शोभा अगदी अलगद उतरवली असती तरी खाली देवीच्या व्रणांची भिंत मिळणारच होती. ज्यांना मोल्डिंग काढायचं असेल त्यांनी अंदाजपत्रकात हे गृहीतच धरावं.

मग दांड्याने पुन्हा सगळं ठोकून पाहिलं. जिथे पोकळ वाजलं तिथे गिलावा विटेपर्यंत काढला, पण वेडावाकडा नाही. कटरने चौकोन आखून, कडा भिंतीला काटकोनात ठेवून. कडा निमुळती केली तर नवा माल तिथे कागदाएवढा पातळ होतो, तेवढा माल पाणी धरत नाही आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो. चौकोन रात्रभर भिजवला, सकाळी पॉलिमर मिसळलेली सिमेंटची घोळ ब्रशने लावली आणि ती ओली असतानाच १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल मारला. वरच्या थरासाठी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून.

त्या वरच्या थरावरच सगळं अवलंबून होतं, आणि तिथे वाळूने अडवलं. १९९८ चा गिलावा मांजरेच्या वाळूचा. नदीची वाळू वाहून गोल झालेली, तिचा दाणा एकमेकांत मऊपणे बसतो. आज दुकानात मिळते ती क्रश सँड, आपलाच काळा बसाल्ट फोडून केलेली, कोनेदार, आणि त्यात दगडाची भुकटी. मजबुतीला ती कमी नाही. पण तिचा सँड फेस वेगळा दिसतो, अधिक टोकदार आणि गच्च. जुन्या भिंतीत तिचं ठिगळ रंगानंतरही ओळखू येतं. मिस्त्रींनी दोन नमुने एका लोखंडी पत्र्यावर करून दाखवले, एक क्रशचा, एक त्यांच्या गावाकडे कोणाच्या तरी परसात पडून असलेल्या नदीच्या वाळूचा. पत्रा भिंतीला टेकवून उन्हात तिरपा धरला आणि सरांनी लांबूनच बोट दाखवलं. परसातली वाळू आणली, चाळली. पुढच्या भिंतीपुरती पुरेल एवढीच होती.

इथे ठरवायला लागलं की ठिगळ किती मोठं करायचं. माझा अनुभव असा की लोक शक्य तितकं लहान करायला सांगतात, आणि त्यामुळेच ते दिसतं. खिडकीच्या आकाराचं ठिगळ कितीही चांगलं भरलं तरी डोळ्याला तिथे खिडकीचा आकार सापडतो. वरचा थर चौकटीपुरता न थांबवता पुढे नेऊन अशा रेषेवर संपवायचा जिथे भिंत आपोआपच बदलते: कोपरा, छज्जा, पाण्याचा पाइप, लिंटेलचा पट्टा. सरांच्या पुढच्या भिंतीचे असे पाच तुकडे पडले. प्रत्येक तुकड्याला रंग खरवडून, घोळ लावून, अख्खा नवा सँड फेस दिला. एका तुकड्याचं काम सकाळी सुरू करून त्याच दिवशी संपवायचं, मध्ये जेवायला जायचं तर दोघांनी आळीपाळीने. अर्ध्यावर थांबलेला थर दुसऱ्या दिवशी जोडला की तिथे नवी रेघ. आधी लाकडी रंधा, पाणी सुटायला लागलं की ओला स्पंज गोल फिरवत. स्पंज किती दाबायचा हे मिस्त्रींच्या मनगटाला ठाऊक, मला नाही.

पूर्वेच्या बाजूला अरुंद गल्ली आहे, तिथे कोणी उभं राहून भिंत पाहत नाही. तिथे क्रश सँडची साधी ठिगळं मारली. मागच्या भिंतीच्या चौकटींना हातच लावला नाही. त्यांच्या सपाट माथ्यावर मालाचा उतार काढून दिला, सांधे पीयू सीलंटने, म्हणजे रबरासारख्या लवचिक भरणीने भरले. सगळंच काढलं पाहिजे असा हट्ट मालकाचा असतो, भिंतीचा नसतो.

पाणी मारणं हा लातुरात नाजूक विषय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय ते भिंतीवर पाइप सोडून उभे राहत नाहीत, आणि त्यांना तसं सांगूही नये. अडतीवरून जुनं बारदान आणलं, भिजवून भिंतीवर टांगलं, दिवसातून तीनदा बादलीने ओलं ठेवलं. पाणी कमी लागतं आणि भिंत पाइपने मारल्यापेक्षा जास्त वेळ ओली राहते. सात दिवसांच्या खाली तडजोड केली नाही. त्यानंतर चार आठवडे भिंत तशीच उघडी. ताजं सिमेंट फार क्षारी असतं, घाईने रंग लावला तर रंग भाजल्यासारखा ठिकठिकाणी उडतो, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार पांढरे फुलून येतात ते वेगळंच. सर रोज विचारायचे, रोज तेच उत्तर मिळायचं.

रंगाआधी एक परीक्षा घेतली, आणि ही कुणालाही फुकटात घेता येते. रात्री घरातले दिवे बंद केले, एक एलईडी फ्लडलाइट भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला आणि उजेड भिंतीवरून घासत सोडला. मे महिन्याचं ऊन जे दाखवणार ते जानेवारीच्या रात्री दिसतं. मिस्त्री परांचीवर, मी खाली, सर मध्ये पेन्सिल घेऊन. जिथे सावली पडेल तिथे गोल. समोरचे शेजारी गेटवर आले, "काय बघूलालाव सर एवढ्या रात्री?" सर म्हणाले, "पेपर तपासूलालोय." बरेच गोल निघाले, बहुतेक तुकड्यांच्या कडेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते कार्बोरंडमच्या दगडाने घासले, काही खोलगट जागी पुन्हा माल लावला. रंगानंतर हेच करायला गेलो असतो तर सगळी भिंत पुन्हा रंगवावी लागली असती.

रंग देताना ठिगळापुरता रंग हा पर्याय विचारातच घेतला नाही. डब्यावर नंबर तोच असला तरी उन्हाने फिकटलेल्या रंगाशी नवा रंग जुळत नाही. प्रायमर आणि दोन हात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. रंगाऱ्याची जुनी खिडकीही त्यातच घेतली. तिथली पुट्टी आधी पूर्ण खरवडून काढली, कारण पुट्टीवर सँड फेस धरत नाही.

पैशाबद्दल थोडं. पहिला भाव सरांनी एका ठेकेदाराकडून घेतला होता तो रनिंग फुटाने होता, फक्त काढण्याचा, आणि स्वस्त वाटत होता. गिलावा आणि रंग मात्र चौरस फुटाने किंवा ब्रासने (शंभर चौरस फुटांच्या मापाने) मोजतात. चौकटीची लांबी आणि मागे करावी लागणारी भिंत यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. भाव मागताना एकच विचारायचं: काढणं, भरणं, परांची, कचरा आणि अख्ख्या तुकड्याचा रंग धरून किती? सरांच्या घराला काढण्याची मजुरी एकूण बिलातला अगदी छोटा भाग होती. सर्वांत मोठा भाग वरच्या थराचा आणि रंगाचा, त्याखालोखाल परांचीचा. कडप्पा बदलण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ निघाला, आणि खिडकीखालची ओल त्यानेच थांबली.

मेच्या अखेरीला सकाळी नऊ वाजता फाटकात उभं राहून भिंत पाहिली. खिडक्या स्वच्छ. मजल्यांमधल्या काढलेल्या पट्टीच्या जागी, पूर्वेच्या कोपऱ्याजवळ, हातभर लांबीची एक अंधुक रेघ मात्र आहे. तिथे वरच्या आणि खालच्या मजल्याची भिंतच मुळात एका ओळंब्यात नाही. २०१८ च्या पट्टीने तो दोष झाकला होता. तो काढायचा तर जाड गिलावा चढवावा लागेल, आणि जुन्या भिंतीवर तेवढं वजन मला नको होतं. सरांनी ती रेघ पाहिली, राहू द्या म्हणाले.

राहिले पोर्चचे दोन खोटे खांब. ड्रिल जिथे घसरलं होतं तिथे आत गच्चीच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप निघाला. २०१८ मध्ये पाइप दिसू नये म्हणून त्याच्याभोवतीच खांब उभा केलेला. डाव्या खांबात पाइप, उजवा त्याला जोड म्हणून रिकामा. रिकामा लगेच काढता आला असता, पण एकच खांब उरलेला पोर्च काकूंना चालणार नव्हता. आता ठरलंय ते असं: या पावसाळ्यात पूर्वेच्या गल्लीतून नवा पाइप, गच्चीचा उतार त्या तोंडाकडे वळवायचा, एक पाऊस पूर्ण पाहायचा, आणि पाणी तिकडूनच जातंय अशी खात्री झाली की दिवाळीनंतर दोन्ही खांब एकदमच उतरवायचे.